परीटघडीचा प्रवास

मराठीत 'घडी' हा शब्द फार कामाचा आहे. कपड्याची घडी असते, वेळेची घडी असते. संसाराची घडी बसायला वर्षं लागतात आणि घरातला कर्ता माणूस गेला की ती एका दिवसात विस्कटते. नवी साडी आली की ती आधी बहिणीला नाहीतर शेजारच्या लाडक्या काकूंना 'घडी मोडायला' द्यायची, ही रीत अजूनही पुष्कळ घरांत आहे. आणि ज्याचं सगळं नीटनेटकं, त्याच्याबद्दल आपण म्हणतो, 'त्याचं काय बुवा, सगळं परीटघडीचं!'

घडीचा एवढा विचार केलेल्या आपल्या भाषेतली माणसं प्रवासाला निघाली की मात्र काय करतात, ते लग्नसराईत कुठल्याही मंगल कार्यालयात जाऊन पाहावं. वऱ्हाडाच्या खोलीत बॅग उघडते आणि मागोमाग आवाज येतो, 'अगं बाई, हे काय झालं!' आदल्या दिवशी इस्त्री करून आणलेला कुडता धोपटीतून काढल्यासारखा झालेला असतो. साडीच्या पदरावर चौकटी उमटलेल्या असतात. मग एका इस्त्रीसाठी साऱ्या कार्यालयात शोधाशोध, खोलीत एकच प्लग, त्यावर कोणाचा तरी फोन लावलेला, आणि तिकडे गुरुजी घाई करताहेत. या गोंधळातली निम्मी धावपळ घरी बॅग भरतानाच वाचवता येते. कशी, ते सांगण्याआधी सुरकुती मुळात पडते का, हे पाहिलं पाहिजे. आणि तो प्रश्न विचारायला वर्ध्याइतकी योग्य जागा नाही.

वर्धा हा कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवासा झाला, त्या काळात 'हिंगणघाट' हे आपल्या जिल्ह्यातलं नाव तिकडच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होतं. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, ती वर्ध्यावरूनच. कापसाचा पहिला प्रवास आपल्याकडे प्रेसिंगमधून होतो. सरकी काढलेली रुई यंत्रात दाबून तिची सुमारे १७० किलोची गाठ बांधतात. पण गिरणीत ही गाठ फोडली की जाणता माणूस लगेच सूत काढायला घेत नाही. रुई एक दिवस मोकळी ठेवतो. दबलेली रुई हवा आणि ओलावा घेऊन हळूहळू फुलते. प्रवासानंतर कापसाला विसावा लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी ती उपयोगी पडणार आहे.

रुई फुलते, मग तिचंच कापड का चुरगळून राहतं? कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध कमजोर, पण संख्येनं अगणित. पाणी आत शिरलं की हे हात सुटतात आणि साखळ्या जराशा सरकतात. कापड वाळलं की हात पुन्हा धरले जातात, पण आता ज्या जागी असतील त्या जागी. त्या वेळी कापड सपाट असेल तर ते सपाट राहतं, दुमडलेलं असेल तर दुमड पक्की होते. इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते याचसाठी. पाण्यानं हात सोडवायचे आणि तापलेल्या लोखंडाखाली सपाट अवस्थेत पुन्हा धरायला लावायचे. म्हणजे इस्त्री आणि सुरकुती या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. एकीला आपण बोलावतो, दुसरी आपणहून येते.

लोकरीचा स्वभाव निराळा. तिचा तंतू केसासारखा, स्प्रिंगेसारखा; दाब निघाला की पुष्कळसा मूळ जागी येतो. म्हणून गरम कोट रात्रभर हँगरला टांगला की सकाळी बरा दिसतो. पॉलिएस्टर तर पाणी पीतच नाही. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. ज्या गुणामुळे सुती कापड आपला घाम टिपतं, त्याच गुणामुळे ते चुरगळतं. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना अंगाला सुती कापडच बरं वाटतं. सुरकुती ही त्या सुखाची किंमत आहे. ती कमी कशी मोजायची एवढाच प्रश्न.

सुरकुतीला चार गोष्टी लागतात. ओल, दाब, वेळ आणि कापडाचं तीव्र वळण. प्रवासात वेळ आपल्या हातात नसतो. वर्ध्याहून मुंबई म्हणजे साडेसातशे किलोमीटर, रात्रभराचा रस्ता. उरलेल्या तिन्ही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या आहेत.

आपल्या वाडवडिलांना सेल्युलोज ठाऊक नव्हता, पण हे व्यवहार ठाऊक होते. आमच्या लहानपणी वरठी कपडे घेऊन यायचा. बाकी महाराष्ट्र ज्याला परीट म्हणतो, तो आपल्याकडचा वरठी. तो काय करायचा? मोठी चादर पसरून तिच्या मधोमध इस्त्रीचे कपडे एकावर एक आडवे रचायचा आणि चादरीची चार टोकं वर घेऊन गाठ मारायचा. मैलभर चालून आला तरी कपडे जसेच्या तसे. कारण कपडे आत घसरत नव्हते, कोपऱ्यात कोंबलेले नव्हते आणि कापडावर कापडाचाच मऊ दाब होता. रेल्वेच्या प्रवासात होल्डॉल असायचा. त्यात अंथरुणाबरोबर धोतर, सदरे लांबट पसरून सगळ्याची वळकटी करत. गुंडाळलेल्या कापडाला वळण मिळतं ते गोल आणि मोठं, घडीसारखं धारदार नाही. ज्यांच्याकडे इस्त्री नव्हती ते पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं कपडा सपाट करत. कॉलेजातली मुलं पँट नीट पसरून गादीखाली घालत आणि रात्रभर वर झोपत. सकाळी धार अशी, की पाहणाऱ्यानं वरठ्याचा पत्ता विचारावा.

आता आजची चाकाची बॅग समोर घेऊ. पहिली गोष्ट, कपडा बॅगेत जाताना पूर्ण वाळलेला आणि थंड झालेला हवा. आपण नेमकं उलटं करतो. निघायच्या अर्धा तास आधी इस्त्री करतो आणि कोमट कपडा तसाच दडपतो. त्या कोमटपणात वाफ असते. पंधरावीस मिनिटं तो टांगून ठेवावा, मग घडी घालावी. प्रवासाच्या कपड्याला खळ कमी घालावी. कांजीनं कापड ताठ होतं, पण ताठ माणसासारखं ते वाकत नाही, मोडतं. मोडलं की रेघ उमटते.

दुसरी गोष्ट, कोणता कपडा गुंडाळायचा आणि कोणता घडी करायचा. टी-शर्ट, बनियन, जीन्स, पायजमे, मुलांचे विणलेले कपडे यांची सरळ वळकटी करावी. ते जागाही कमी घेतात. कडक सुती शर्ट, कुडता, ब्लाऊज यांची घडीच बरी, पण शिवणीवरून. शर्टाची सगळी बटणं लावावीत, कॉलरच्या आत गुंडाळलेला पंचा नाहीतर मोजे ठेवावेत, म्हणजे कॉलर बसत नाही. आणि जिथे जिथे घडी पडते, तिथे आत काहीतरी मऊ असावं. पँटच्या गुडघ्याशी मोड येणार असेल तर त्या मोडीत बनियनची गुंडाळी ठेवावी. रिकाम्या मोडीला धार येते, भरलेल्या मोडीला नुसती गोलाई.

याच तत्त्वावर सगळ्यात खात्रीची पद्धत उभी आहे, आणि ती म्हणजे वरठ्याच्या गाठोड्याची नात म्हणावी अशी आहे. बॅग उघडी ठेवून सगळ्यात लांब कपडा तळाशी पसरायचा, त्याची टोकं बॅगेच्या बाहेर लोंबत ठेवायची. दुसरा कपडा आडवा, तिसरा पुन्हा उभा. चुरगळणारे कपडे खाली, म्हणजे गुंडाळल्यावर ते बाहेरच्या बाजूला येतात. मधोमध आतल्या कपड्यांचं छोटं गाठोडं ठेवायचं आणि मग एकेका कपड्याची टोकं त्याच्यावर घेत जायची, वरच्यापासून खालच्यापर्यंत. शेवटी पानकोबीसारखा एक गड्डा तयार होतो. यात एकाही कपड्याला तीव्र मोड नसते. दोष एवढाच, की मधला रुमाल हवा असेल तर सगळा कोबी सोलावा लागतो. म्हणून वाटेत लागणारं वेगळ्या पिशवीत.

तिसरी गोष्ट, बॅग ना कोंबायची ना पोकळ ठेवायची. कोंबली की दाब, पोकळ राहिली की कपडे घसरून एका कोपऱ्यात ढीग. चाकाची बॅग उभी चालते, त्यामुळे जोडे, पुस्तकं, फराळाचे डबे हे जड सामान चाकांच्या बाजूला. नाहीतर लाडवांचा डबा वर आणि कुडता खाली, मग लाडू सुखरूप पोचतात. दोन भारी कपड्यांच्या मध्ये इस्त्रीवाल्याकडून येणारी प्लास्टिकची पातळ पिशवी घातली तर कापडावर कापड सरकतं, आवळून बसत नाही. वर्तमानपत्राचा कागद मात्र पांढऱ्या कपड्याला लावू नये. आम्ही लिहिणाऱ्यांनी हे सांगणं जरा अवघड आहे, पण शाई उतरते.

आता साडी. त्यातही पैठणीसारखी जरीची रेशमी साडी. इथे सुरकुतीचा प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही. सुती शर्टाची घडी पाण्यानं आणि इस्त्रीनं जाते. जर म्हणजे धातू. पिढीजात पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर जर त्या रेघेवर तुटते, आणि मग रेशीमही विरतं. आजीची पैठणी नातीच्या लग्नात उघडावी आणि ती चार रेघांवर फाटलेली निघावी, हे दुःख कित्येक घरांनी पाहिलं आहे. ती तुटते वापरल्यामुळे नाही, न वापरल्यामुळे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तिची घडी बदलावी, मऊ सुती फडक्यात बांधावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. जड साडी हँगरवर फार दिवस टांगू नये, तिच्याच वजनानं ती ताणली जाते. प्रवासात न्यायची असेल तर पुठ्ठ्याच्या नळीवर फडकं गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळावी. कापडाच्या दुकानात अशा नळ्या मागितल्या तर मिळतात.

इथवरचं सगळं घरगुती शहाणपण झालं. पण सुरकुतीची एक दुसरी बाजू मी बँकेच्या काउंटरमागे बसून पाहिली आहे. कापसाच्या गावांतल्या शाखांमध्ये माझी बरीच वर्षं गेली. पेरणीच्या आधी पीककर्जासाठी शेतकरी यायचे. त्यांतल्या कित्येकांच्या अंगावरच्या शर्टावर चौकोनी रेघा असायच्या, छातीवर एक आडवी, दोन उभ्या. शर्ट मळका नसे, उलट स्वच्छ असे. त्या रेघा सांगायच्या की हा शर्ट पत्र्याच्या पेटीत असतो आणि साहेबाकडे जायचं म्हणून आज बाहेर निघाला आहे. घरात इस्त्री नाही, पण मान राखायचा आहे. कर्जाच्या अर्जात जमीन किती, विहीर आहे का, जुनी थकबाकी किती, असे रकाने असत. शर्टावरच्या त्या रेघांना रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात यायची. तो शर्ट बहुतेक वेळा टेरीकॉटचा असायचा. जन्मभर कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या अंगावर कापूस नाही! कारण विचारलं तर एकानं साधं उत्तर दिलं होतं, 'साहेब, सुतीला इस्त्री लागते. आमाले कुठं जमते?' पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. टेरिलीन या नावानं तो जगभर गेला. पुढे आपल्याकडे टेरीलीन आणि टेरीकॉट आलं तेव्हा त्याची मातब्बरी होती. लग्नात जावयाला टेरीकॉटचं कापड म्हणजे मोठा आहेर. धुवा, झटका, घाला. वर्ध्याच्या उन्हात ते अंगाला चिकटतं, घाम टिपत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण चारचौघांत चुरगळलेलं दिसण्याची लाज उन्हाच्या त्रासाहून मोठी होती. कापसाचं कापड कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावरून उतरलं त्याची कारणं अनेक. किंमत आहे, टिकाऊपणा आहे. पण सुरकुतीची लाज हेही त्यातलं एक कारण आहे, आणि त्याची चर्चा कोणी करत नाही.

या लाजेवर वर्ध्यातच एका माणसानं विचार केला होता, असं म्हणायला हरकत नाही. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम. आयुष्यभर रेल्वेच्या तिसऱ्या वर्गानं हिंडलेल्या या माणसाला सामान म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. ज्या पांढऱ्या टोपीला आपण गांधी टोपी म्हणतो, ती त्यांनी कशी ठरवली याची आठवण काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. देशातली नाना प्रकारची शिरोवस्त्रं त्यांनी पाहिली आणि काश्मिरी टोपीवरून ही टोपी बेतली. ती हलकी, शिवायला सोपी, आणि घडी करून खिशात किंवा पेटीत मावणारी. रंग पांढरा, म्हणजे मळ दिसेल आणि रोज धुतली जाईल. म्हणजे प्रवासाच्या बांधाबांधीचा विचार करून बेतलेलं हे वस्त्र आहे. तिच्यात घडी हाच तिचा आकार. घडी पडली म्हणून ती बिघडत नाही.

विनोबा १९५१ साली पवनारहून चालत निघाले आणि पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. मग १९६४ पर्यंत ते देशभर पायीच हिंडत होते. ज्याला रोज पहाटे उठून पुढच्या गावाला चालत जायचं आहे, त्याच्या सामानात परीटघडीला जागा कुठून असणार? सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९६९ साली ते सुरू झालं तेव्हापासून, खादी वापरण्याचा परिपाठ आहे. हातसुताचं ते जाड, थोडं उंचसखल कापड चुरगळतं भरपूर, पण त्याच्या पोतामुळे सुरकुत्या डोळ्यांत खुपत नाहीत. तलम पॉपलिनवर एक रेघ दिसते, खादीवर दहा दिसत नाहीत. प्रवासासाठी कापड निवडताना हा मुद्दा विसरू नये. पोताचं, चौकडीचं, छापाचं कापड सुरकुती पोटात घालतं, सपाट एकरंगी कापड तिची जाहिरात करतं. ज्यांची खादी कडक कांजीची आणि इस्त्रीच्या धारेची असते, अशा पुढाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

सुरकुती न पडणारं सुती कापडही आता दुकानात मिळतं. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या संशोधक बाईंनी या कामात मोठी भर घातली. सेल्युलोजच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना पक्क्या बांधून टाकायच्या, म्हणजे पाणी आलं तरी त्या सरकत नाहीत, अशी ही युक्ती. प्रवासाला असा एखादा शर्ट सोयीचा. पण त्या प्रक्रियेत कापडाची ताकद काही प्रमाणात कमी होते आणि पुष्कळ वर्षं त्यात फॉर्मल्डिहाइडवर आधारलेली रसायनं वापरली गेली. म्हणून असा कपडा नवा आणल्यावर एकदा धुऊनच घालावा. फुकटात काहीच मिळत नाही, हे बँकेत शिकलेलं सत्य कापडालाही लागू आहे.

मुक्कामी पोचल्यावर काय करायचं? इथे गिरणीतल्या रुईची आठवण ठेवा. आल्या आल्या चहाच्या आधी बॅग उघडा आणि उद्याचे कपडे टांगा. रात्रभर मोकळे राहिले की निम्म्या सुरकुत्या आपोआप विरतात. उरल्या त्यांच्यासाठी अंघोळीच्या वेळी कपडा न्हाणीघरात, पाणी लागणार नाही असा टांगावा. गरम पाण्याची वाफ साखळ्यांचे हात सोडवते. मग ओल्या हातानं वरून खाली सारवल्यासारखं फिरवावं, हलकेच ताणावं आणि पंख्याखाली वाळू द्यावं. इस्त्री मिळालीच तर तिच्या चक्रीवरचे ठिपके पाहा. सुती कपड्याला तीन, रेशीम-लोकरीला दोन, पॉलिएस्टरला एक. घाईत नेमकं उलटं होतं.

आणि इतकं करूनही एखादी रेघ राहिली तर राहू द्यावी. मुलगी रात्रभराचा प्रवास करून मुलाखतीला पोचते, म्हातारे काका दोन गाड्या बदलून पुतणीच्या लग्नाला येतात. त्यांच्या कपड्यावर प्रवास दिसणारच. पाहणाऱ्यानं त्या रेघेत गबाळेपणा वाचायचा की आलेला माणूस किती लांबून आला हे वाचायचं, हे पाहणाऱ्याच्या हातात आहे. खुर्चीत बसलेल्या माणसांच्या तर विशेष हातात आहे. खुर्चीत मी बरीच वर्षं काढली, म्हणून एवढं म्हणतो.

आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर कपाट उघडा. खालच्या कप्प्यात फडक्यात बांधलेली पैठणी असेल, आईची नाहीतर सासूबाईंची. ती बाहेर काढा, पंख्याखाली थोडा वेळ पसरून ठेवा आणि पुन्हा घालताना जुन्या रेघा सोडून घडी घाला. मुलींनाही हाताशी घ्या, मुलांनाही. दहा मिनिटांचं काम आहे.